ससा पाळलाय? पालक, मेथी, कोबी टाकण्याआधी हे वाचा

वैजापूर : मुलांच्या हट्टापायी आठवडी बाजारातून किंवा शहरातल्या दुकानातून पांढऱ्या सशाची जोडी घरी येते. पहिले दोन दिवस घरादाराचं कौतुक सुरू असतं. जो येईल तो हातात काहीतरी घेऊन येतो. कुणी पालकाची जुडी टाकतं, कुणी कोबीचं पान, कुणी कांद्याची पात. ससाही समोर येईल ते खातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र तो कोपऱ्यात अंग चोरून बसतो, लेंड्या बंद होतात, पोट टणक लागतं आणि सकाळी पोरं उठायच्या आत ससा गेलेला असतो. "नजर लागली", "हवा मानवली नाही", "थंडी बाधली" असं म्हणून विषय संपतो. अशा वेळी खरं कारण बऱ्याचदा त्याच्या खाण्यातच असतं.

मग सशाला पालेभाजी द्यायचीच नाही का? तसं नाही. द्यायची, पण कोणती, किती आणि कशी हे समजून. खेड्यात सहज मिळणारा पाला, गवत आणि भाज्या धरून ही माहिती एका जागी दिली आहे. मोबाईलमध्ये जपून ठेवावी, घरात ससा असेल त्याला पाठवावी.

थोडक्यात उत्तर

- सशाचं मुख्य जेवण भाजी नाही, गवत आहे. रोजच्या खाण्यातला ८० टक्क्यांहून जास्त भाग गवताचा असावा.
- कोथिंबीर, पुदिना, शेपू, गाजराचा पाला थोडा-थोडा रोज चालतो.
- पालक, चुका, तांदुळजा, कोबी, फ्लॉवरचा पाला कधीतरी आणि अगदी बेताने द्यावा.
- कांदा, कांद्याची पात, लसूण, बटाट्याचा व टोमॅटोचा पाला, कोवळी ज्वारी कधीच देऊ नये.
- फवारणी झालेला पाला कितीही धुतला तरी देऊ नये.
- दहा-बारा तास सशाने काही खाल्लं नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर वाट पाहू नये, डॉक्टर गाठावा.

ससा म्हणजे छोटी शेळी नव्हे

इथेच बहुतेकांची चूक होते. शेळी पाला खाते, ससाही पाला खातो, म्हणजे दोघांचं सारखंच, असं वाटतं. पण दोघांचं पोट फार वेगळं आहे.

शेळी रवंथ करते. तिच्या पोटाला चार कप्पे असतात. पोटात वायू झाला तर ती ढेकर देऊन बाहेर टाकते. ससा रवंथ करत नाही. त्याला ओकता येत नाही आणि शेळीसारखा वायूही बाहेर टाकता येत नाही. आत गेलेलं पुढेच सरकलं पाहिजे, मागे येण्याची वाटच नाही.

सशाच्या आतड्याच्या शेवटच्या भागात एक मोठी पिशवी असते. तिथे कोट्यवधी उपयोगी जिवाणू राहतात आणि तेच गवताचा चोथा पचवायला मदत करतात. या जिवाणूंना एकसारखं, चोथ्याचं खाणं लागतं. अचानक ओली, रसाळ भाजी किंवा धान्य भरपूर आलं की त्यांचा तोल बिघडतो. नको ते जंतू वाढतात, वायू धरतो, आतड्याची हालचाल मंदावते. पोट दुखलं की ससा खाणं सोडतो आणि खाणं सोडलं की आतडं आणखी थांबतं. हे चक्र एकदा सुरू झालं की एका दिवसातही जीव जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट पाहून लोक घाबरतात. ससा पहाटे किंवा रात्री स्वतःच्याच मऊ, घोसासारख्या लेंड्या खातो. हा आजार नाही. पहिल्या फेरीत सुटलेली जीवनसत्त्वं आणि प्रथिनं तो असं करून परत मिळवतो. त्याला हुसकावू नये. पण अशा मऊ लेंड्या खाली तशाच पडून राहत असतील, शेपटीला चिकटत असतील, तर त्याला भाजी, धान्य किंवा गोड जास्त होतंय असं समजावं.

पोट भरायचं गवतानेच

सशाचे दात आयुष्यभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर वाढतात. ते झिजले नाहीत तर वाकडे होतात, गालाला आणि जिभेला टोचतात आणि मग भूक असूनही खाता येत नाही. पालक किंवा कोबी दोन चावांत संपतो, त्याने दात झिजत नाहीत. गवताची काडी मात्र तो बराच वेळ चघळतो. दात झिजतात आणि आतडंही चालू राहतं.

शहरातल्या दुकानात सशासाठी परदेशी गवताच्या महागड्या पिशव्या मिळतात. आपल्याकडे त्याची गरज नाही. बांधावरची हरळी, मारवेल, पवन्या हे गवत सशाला उत्तम. पावसाळा संपता संपता, गवत फुलोऱ्यात येण्याआधी कापावं. एका जागी ढीग न लावता सावलीत पातळ पसरावं, दिवसातून दोन-तीनदा उलटवावं. मुठीत दाबल्यावर कुरकुर वाजलं आणि वास गोड आला की वाळलं. मग कोरड्या जागी, हवा लागेल अशा पद्धतीने ठेवावं. दोन सशांना वर्षभर पुरेल एवढं गवत दोन-चार दिवसांच्या मेहनतीत निघतं.

गवत नसेल तेव्हा ज्वारीच्या कडब्याची वाळलेली पानं चालतात. बाजरीचं सरमाड जाडभरडं असतं, पण चघळायला चालतं. गव्हाचा भुसा पोटभरीला उपयोगाचा नाही, पिंजऱ्यात अंथरायला मात्र चांगला. पावसात भिजलेला, काळा पडलेला, बुरशीचा वास येणारा कडबा देऊ नये. बुरशीचं विष बैलालाही बाधतं, दोन किलोच्या जिवाला तर लगेच.

आणखी एक चूक होते. कापलेलं हिरवं गवत ढीग करून ठेवलं की आतून गरम होतं. असं तापलेलं, आंबलेलं गवत सशाला टाकू नये. ताजं गवत द्यायचं तर त्याच दिवशी कापलेलं द्यावं.

कोणती भाजी चालते, कोणती नाही

*रोज थोडी चालेल*

कोथिंबीर, पुदिना, शेपू, गाजराचा पाला, तुळशीची चार पानं, मक्याची कोवळी हिरवी पानं, ताजी हरळी. एकच भाजी रोज देण्यापेक्षा यातल्या दोन-तीन आलटून-पालटून द्याव्यात.

*आठवड्यातून दोन-तीनदा, थोडी*

मेथी, मुळ्याचा पाला, लसूणघास. लसूणघास म्हणजे घरातल्या गाईचा चारा, म्हणून सशालाही तोच रोज टाकला जातो. पण त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही जास्त असतं. वाढत्या वयाच्या किंवा गाभण, पिलं पाजणाऱ्या मादीला तो उपयोगी, मोठ्या झालेल्या सशाला रोजचं जेवण म्हणून नको.

*कधीतरी, दोन-चार पानं*

पालक, चुका, तांदुळजा, राजगिरा, चाकवत, घोळ, अंबाडी, हरभऱ्याचा पाला. या भाज्यांमध्ये आम्ल जास्त असतं. पालक, चुका, राजगिऱ्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं आणि रोज पोटात गेलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. कोबी आणि फ्लॉवरचा पालाही याच यादीत. काही सशांना त्याने वायू धरतो. बाजार उठताना कोबी-फ्लॉवरचा पाला फुकट मिळतो म्हणून पोतं भरून आणणं सशाच्या जिवावर बेतू शकतं.

*कधीच नाही*

- कांदा, कांद्याची पात, लसूण : वैजापूर तालुका कांद्याचा, त्यामुळे पात घरोघरी पडलेली असते. पण कांदा-लसणातल्या घटकांमुळे सशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पात वाळलेली असली तरी धोका जात नाही.
- बटाटा, टोमॅटो आणि वांग्याचा पाला : यात विषारी घटक असतात. बटाट्याचे कोंब आणि हिरवी पडलेली सालही नको.
- कोवळी ज्वारी, खोडव्याचे फुटवे : ज्या पोंग्यांनी जनावराला किराळ लागतं, त्यात सायनाइड तयार होतं. जनावराला बाधतं ते सशालाही बाधतं. पूर्ण पिकून वाळलेल्या कडब्याला हा धोका नाही.
- सुबाभूळ : शेळीला चालतो म्हणून सशाला टाकू नये. त्यातल्या घटकाने केस गळतात, वाढ खुंटते.
- गाजरगवत, घाणेरी, रुई, धोतरा, कण्हेर, एरंड : बांधावरचं गवत कापताना यांची पानं मिसळून येतात. गवत टाकण्याआधी निवडून घ्यावं.

किती द्यायची? मुठीने मोजा

दीड-दोन किलोच्या मोठ्या सशाला दिवसभरात मोठ्या माणसाच्या एका सैल मुठीएवढा पाला पुरे. पोट सरावलं, लेंड्या घट्ट आणि गोल पडत असतील, तर दोन मुठींपर्यंत जाता येतं. त्यापुढे नाही.

गाजराचं चित्र पुस्तकात सशासोबत असतं, म्हणून पोरं अख्खं गाजर देतात. गाजर हे सशासाठी गोड खाणं आहे. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा आठवड्यातून दोनदा पुरे. केळं, सफरचंद, पेरू यांचंही तसंच. भाकरी, चपाती, बिस्किट, शेव, भात, दूध, चहात बुडवलेला पाव हे काहीच देऊ नये. बाजरी-गव्हाचे दाणे रोज मूठभर देणंही चुकीचं. पिठूळ खाणं सशाच्या पोटात आंबतं.

भाजी देताना आणखी एक नियम पाळावा. आधी गवत, मग भाजी. सकाळी आधी गवत टाकावं, त्याने ते चघळलं की तासाभराने पाला द्यावा. उपाशी पोटी ओला पाला खाल्ला की तो अधाशासारखा जास्त खातो.

नवीन भाजी सुरू करताना

बाजारातून आणलेला ससा तिकडे काय खात होता हे विकणाऱ्याला विचारून घ्यावं. पहिला आठवडा तेच द्यावं, सोबत भरपूर वाळलेलं गवत. भाजी लगेच सुरू करू नये. प्रवास, नवी जागा, पोरांचा गोंगाट यानेच त्याचं पोट नाजूक झालेलं असतं.

आठवड्यानंतर एकच भाजी, दोन पानं द्यावीत. दुसऱ्या दिवशी लेंड्या पाहाव्यात. घट्ट, गोल, कोरड्या असतील तर तीच भाजी थोडी वाढवावी. तीन-चार दिवसांनी दुसरी भाजी. लेंड्या मऊ पडल्या, बारीक झाल्या किंवा एकमेकींना चिकटून माळेसारख्या आल्या, तर भाजी बंद करून फक्त गवत आणि पाणी द्यावं. एका वेळी एकच भाजी सुरू केली म्हणजे कोणती बाधली ते कळतं. चार भाज्या एकदम टाकल्या तर काहीच कळत नाही.

बाजारात विकायला येणारी पिलं बऱ्याचदा महिनाभराचीच असतात. एवढं पिलू हाताला मऊ लागतं, गोड दिसतं, म्हणून लवकर विकलं जातं. त्याचं पोट अजून तयार झालेलं नसतं. निदान सहा-आठ आठवड्यांचं पिलू घ्यावं. तीन महिन्यांचं होईपर्यंत त्याला गवतावरच ठेवावं, भाजी अगदी थोडी आणि हळूहळू सुरू करावी.

फवारणीचा पाला : सगळ्यात मोठा धोका

खेड्यात सशाला भाजीपेक्षा भाजीवरचं औषध जास्त मारक ठरू शकतं. कोबी, मिरची, कपाशीवर वापरलं जाणारं फिप्रोनिल हे कीटकनाशक सशासाठी फार घातक आहे. कुत्र्या-मांजरांच्या गोचिडांसाठी जे फवारे आणि मानेवर टाकायचे थेंब मिळतात, त्यांतल्या काहींमध्येही हेच औषध असतं. कुत्र्याला मारलं म्हणून उरलेलं सशाला मारू नये. सशाला झटके येऊन तो मरू शकतो.

अनेक कीटकनाशकं आंतरप्रवाही असतात. म्हणजे ती पानावरच राहत नाहीत, रसात मुरतात. असा पाला मिठाच्या पाण्याने धुवा, हळदीच्या पाण्याने धुवा, औषध आतच असतं. औषधाच्या डब्यावर फवारणी आणि काढणीत किती दिवसांचं अंतर हवं ते छापलेलं असतं. ते अंतर माणसासाठी धरलेलं आहे. दोन किलोच्या सशासाठी फवारलेल्या प्लॉटमधला पाला आणूच नये हे उत्तम.

तणनाशकाची गोष्ट तर आणखी फसवी. बांधावर ग्लायफोसेटसारखं तणनाशक मारलं तरी गवत पुढचे काही दिवस हिरवंच दिसतं. पोरं तेच कापून आणतात. म्हणून गवत आणण्याआधी शेजारच्या शेतकऱ्याला एकदा विचारावं, "दादा, बांधाला काही मारलंय का?" एवढ्या एका प्रश्नाने जीव वाचतो.

रस्त्याकडेचं गवतही टाळावं. गाड्यांचा धूर, तेल, धूळ त्यावर बसते. कुत्र्यांची घाण असते ती वेगळीच.

सगळ्यात सोपा उपाय घरीच आहे. सांडपाण्यापासून लांब, तुटक्या घमेल्यात किंवा जुन्या टबात कोथिंबीर, मेथी, पुदिना लावावा. धणे टाकल्यापासून महिना-सव्वा महिन्यात कोथिंबीर कापायला येते. दोन घमेली पुढे-मागे पेरली तर सशाचं भागतं आणि काय मारलंय, काय नाही याची काळजी राहत नाही. माती ओली राहील इतपतच पाणी लागतं, त्यामुळे टँकरच्या दिवसांतही जमतं.

धुणं, पाणी आणि पावसाळा

घरचा पालाही स्वच्छ पाण्याने धुऊन, झटकून, फडक्यावर पसरून मग द्यावा. पिवळा पडलेला, कुजका, चिकट पाला टाकून द्यावा. माणसाने खायचा नाही तो सशालाही द्यायचा नाही. पिंजऱ्यात उरलेला पाला तासा-दोन तासांनी काढून घ्यावा. उन्हाळ्यात तो लवकर आंबतो.

भाजीत पाणी असतं म्हणून वाटी ठेवली नाही, असंही काही घरांत होतं. हे चुकीचं आहे. सशाला किलोमागे दिवसाला साधारण ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागतं. दोन किलोच्या सशाला उन्हाळ्यात पाव लिटरच्या आसपास. जड मातीची वाटी ठेवावी, सहज कलंडत नाही. पाणी सकाळ-संध्याकाळ बदलावं.

पावसाळ्यात दवाचं, पावसाचं ओलं गवत थेट टाकू नये. सावलीत दोन तास पसरून, पाणी निथळून मग द्यावं.

लघवी आणि लेंडी काय सांगतात

पांढरी, दुधाळ लघवी दिसली की लोक घाबरतात. सशाचं शरीर अन्नातलं बरंचसं कॅल्शियम शोषून घेतं आणि जास्तीचं लघवीतून टाकतं. त्यामुळे थोडी गढूळ लघवी नेहमीचीच. पण ती पिठासारखी घट्ट पडत असेल, ससा लघवी करताना कण्हत असेल, तर लसूणघास आणि मेथी बंद करून पाणी वाढवावं व डॉक्टरांना दाखवावं. मूत्राशयात खडा होण्याची ही सुरुवात असू शकते.

काही भाज्यांच्या रंगामुळे लघवी तांबूस येते. बीट, गाजर दिलं असेल आणि ससा खात-पीत, उड्या मारत असेल तर एक दिवस वाट पाहायला हरकत नाही. तांबडा रंग टिकला, किंवा मादीला थेंब थेंब रक्त येत असेल, तर थांबू नये.

मोबाईलवर दिसणारा चिंचिला आणि गिनी पिग

हल्ली रील्समध्ये राखाडी, गुबगुबीत, मोठ्या कानांचा एक प्राणी दिसतो. तो ससा नाही, उंदीर-खारीच्या कुळातला चिंचिला आहे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या थंड, कोरड्या उंचीवरचा. जंगलातले चिंचिला कातडीसाठी इतके मारले गेले की आज ते संकटात आहेत. पाळले जातात ते पिढ्यान्‌पिढ्या माणसाने वाढवलेले.

चिंचिलाला पालेभाजी चालते का? उत्तर सशासारखंच, पण आणखी कडक. त्याचं पोट कोरड्या, चोथट खाण्याला सरावलेलं. वजन जेमतेम अर्धा किलो. वाळलेलं गवत हेच त्याचं जेवण. पाला द्यायचाच तर पोट सरावल्यावर, आठवड्यातून एक-दोनदा, एखाद-दुसरं कोरडं पुसलेलं पान. कोबी, फ्लॉवर आणि पाणीदार सॅलडची पानं नकोत. त्यालाही ओकता येत नाही, वायू धरला की तोही सशासारखाच जातो.

पण चिंचिलाचा खरा प्रश्न भाजीचा नाही, उन्हाचा आहे. त्याची लव इतकी दाट असते की २५-२६ अंशांपुढे त्याला उष्माघात होऊ शकतो. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. चोवीस तास एसी आणि त्यासाठी चोवीस तास वीज असल्याशिवाय इकडे चिंचिला पाळणं म्हणजे त्याचे हाल करणं. परदेशी प्राणी घेण्याआधी नोंदणीचे नियम वनविभागाकडे विचारून घ्यावेत.

गिनी पिगचं मात्र उलटं आहे. माणसासारखंच त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. त्यामुळे त्याला रोज थोडी ताजी पालेभाजी लागतेच. कोथिंबीर आणि ढोबळी मिरचीचे तुकडे त्यासाठी चांगले. ती मिळाली नाही तर सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं. म्हणजे शेजारच्याच्या गिनी पिगला रोज भाजी चालते, म्हणून आपल्या सशालाही तेवढी चालेल, असं नाही.

उन्हाळ्यात सशाची काळजी

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे घालवतो. ३० अंशांच्या पुढे त्याला त्रास सुरू होतो. पत्र्याखाली, गच्चीवर पिंजरा ठेवू नये. घराच्या उत्तरेकडच्या सावलीत, हवा खेळेल अशा ठिकाणी ठेवावा. पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाकावं, आत आडवा माठ किंवा खापराचा तुकडा ओला करून ठेवावा, त्यावर तो पोट टेकून बसतो. बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून ठेवली तरी चालते. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर कान ओल्या फडक्याने पुसावेत. थंडगार पाण्यात बुडवू नये, त्या धक्क्यानेच ससा मरतो.

उन्हाळ्यात गारवा म्हणून भाजी दुप्पट करू नये. गारवा सावलीने आणि पाण्याने द्यायचा, पाल्याने नाही.

पोट बिघडलं तर काय करावं, काय करू नये

धोक्याची चिन्हं : खाणं सोडणं, लेंडी बंद, पोट फुगून टणक होणं, अंग चोरून बसणं, दात करकर वाजवणं, कान थंड पडणं, पातळ जुलाब. यातलं एक जरी दिसलं तरी भाजी लगेच बंद. गवत आणि पाणी समोर ठेवावं, उबदार शांत जागी ठेवावं आणि डॉक्टरांकडे न्यावं.

शेळीचं पोट फुगलं की तेल पाजतात, खायचा सोडा देतात. सशाला हे करू नये. तेल श्वासनळीत गेलं तर जागेवरच संपतं. सोड्याने वायू आणखी वाढतो आणि तो बाहेर टाकायची सोयच सशाला नाही. पोट फुगलेलं असताना पिचकारीने बळजबरीने भरवूही नये.

मेडिकलमधून आणलेल्या माणसाच्या गोळ्या तर अजिबात नकोत. अमॉक्सिसिलिन हे नेहमीचं अँटिबायोटिक सशाला तोंडाने दिलं तर पोटातले उपयोगी जिवाणू मरतात, जुलाब लागून ससा दगावतो. पेनिसिलिन गटातली इतर औषधं आणि लिंकोमायसिन, क्लिंडामायसिनही तोंडाने देणं असंच धोक्याचं. गाय-म्हशींवर रोज उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे ससा क्वचितच येतो. म्हणून औषध लिहून घेताना "साहेब, सशाला चालणारं आहे ना?" एवढं विचारायला लाजू नये.

जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी दाखवावं. पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. ही सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी असली तरी जवळ कोण तपासेल याची चौकशी करता येते. छत्रपती संभाजीनगर शहरात छोट्या पाळीव प्राण्यांचे खासगी डॉक्टरही आहेत. निघण्याआधी फोन करून "ससा बघता का?" हे विचारून घ्यावं, चक्कर वाया जात नाही.

शेतात सापडलेलं पिलू घरी आणू नका

सोंगणीच्या वेळी ज्वारी-गव्हात, उसाच्या फडात रानसशाची पिलं सापडतात. आई नाही म्हणून लोक ती घरी आणतात. आई सोडून गेलेली नसते. रानससा दिवसा पिलापासून लांब राहतो, म्हणजे कोल्ह्या-कुत्र्याला माग लागत नाही. अंधार पडला की मादी येऊन दूध पाजून जाते. पिलू डोळे उघडे, अंगावर केस असं असेल तर ते ठीक आहे. मशीन चालू असेल तर गवताच्या मुठीने उचलून जवळच्या बांधाला झुडपाखाली ठेवावं, एवढंच पुरे.

मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो, पण पाळीव ससा युरोपातल्या जातीपासून आलेला आणि आपला रानससा वेगळ्या जातीचा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानससा पकडणं, पाळणं, मारणं हा गुन्हा आहे. घरी आणलेलं पिलू गाईच्या दुधावर आणि भाजीवर सहसा जगतही नाही. जखमी सापडलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*घरात वाळलेलं गवत नाही, आज भाजीवर भागवलं तर?*
एक दिवस ताजी हरळी कापून आणावी. बांधावर, विहिरीच्या कडेला ती बारमाही मिळते. पोटभर भाजी देण्यापेक्षा पोटभर हरळी कधीही चांगली.

*कोथिंबिरीच्या काड्या चालतात का?*
चालतात. पानांपेक्षा काड्यांत चोथा जास्त असतो. निवडून उरलेल्या स्वच्छ काड्या सशाच्या कामाच्या.

*शिजवलेली भाजी?*
नाही. त्यात तेल, मीठ, लसूण, मिरची असतं. साधी उकडलेलीही नको.

*आमचा ससा दोन वर्षं कोबीच खातोय, काही झालं नाही.*
एखाद्याला सोसतं. एकदम बंद केली तरी पोट बिघडेल. म्हणून पंधरा दिवसांत कोबी कमी करत गवत वाढवावं.

*दुकानातल्या गोळ्या खाद्याचं काय?*
गवत भरपूर असेल तर किलोमागे २०-२५ ग्रॅम पुरे. रंगीत दाणे, मका, सूर्यफुलाच्या बिया मिसळलेलं खाद्य घेऊ नये. ससा गोड तेवढं निवडून खातो, बाकी टाकतो.

नीट सांभाळलेला पाळीव ससा आठ-दहा वर्षं जगतो. पहिलीतल्या पोराने आणलेला ससा ते दहावीला जाईपर्यंत घरात राहू शकतो. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही. बांधावरचं वाळलेलं गवत, मुठीने मोजलेला पाला, सावली, वाटीभर पाणी आणि रोज सकाळी लेंड्यांवर एक नजर, एवढं केलं तरी भागतं. पिंजऱ्याजवळ भिंतीवर "कांदा-लसूण नको, फवारलेलं नको, आधी गवत मग भाजी" एवढी एक ओळ खडूने लिहून ठेवली, तर येणारा-जाणारा पाहुणाही चुकीचं काही टाकणार नाही.